वाळवी : घर पोखरणारी बिनआवाजाची कीड

उत्तर प्रदेशातील मुरादाबाद शहरात एका महिलेने मुलीच्या लग्नासाठी साठवलेले सुमारे १८ लाख रुपये बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये लॉकरच्या कराराचे नूतनीकरण करण्यासाठी बँकेने बोलावले, म्हणून तिने लॉकर उघडला. आत नोटांऐवजी मातीने लिंपलेला भुगा होता. त्याआधी २०११ साली त्याच राज्यातील बाराबंकी जिल्ह्यात एका बँकेच्या शाखेत सुमारे १ कोटी रुपयांच्या नोटा वाळवीने फस्त केल्या होत्या. पोलादी दार आणि जाड भिंती असलेल्या जागेची ही कथा, तर साध्या घरातील लाकडी कपाटाची आणि माळ्यावरच्या ट्रंकेची काय बिशाद!

वाळवीचे नुकसान पैशांत मोजता येते असे नाही. सासूबाईंनी जपून ठेवलेला शालू, वडिलांच्या हातची पत्रे, लग्नातले फोटो, मुलांच्या प्रगतिपुस्तकांची फाईल, घराचे खरेदीखत, असे एकदा गेले की परत न मिळणारेच नेमके तिच्या तोंडी पडते. कारण सरळ आहे. या वस्तू रोज हाताळल्या जात नाहीत. अंधार, शांतता आणि थोडीशी ओल या तीन गोष्टी मिळाल्या की वाळवीला दुसरे काही लागत नाही.

मुंगी नव्हे, झुरळाची भाऊबंद

वाळवीला कित्येक जण पांढरी मुंगी म्हणतात. मुंगीशी मात्र तिचे दूरचेही नाते नाही. वाळवी झुरळांच्या कुळातील आहे, हे २००७ मध्ये जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झाले. तिचा संसार मात्र मुंग्यांसारखाच शिस्तीचा. वसाहतीत एक राणी, एक राजा, डोके मोठे आणि जबडे बळकट असलेले सैनिक आणि हजारो, कधी लाखो कामकरी असतात. आपल्या लाकडावर ताव मारतात ते हे कामकरी. अंगाने मऊ, पांढुरके आणि बहुधा आंधळे. राणी जमिनीत खोल बसून दिवसाला हजारो अंडी घालू शकते आणि वर्षानुवर्षे जगते.

वारुळे मुंग्या बांधतात असा आपला समज असतो. नागपंचमीला ज्या मातीच्या ढिगाची पूजा होते, तो बहुधा वाळवीनेच उभारलेला असतो. तिने सोडून दिलेल्या वारुळात नाग राहायला येतो आणि 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण खरी ठरते. भारतात सर्वत्र आढळणारी ओडोंटोटर्मिस जातीची वाळवी तर चक्क शेती करते. चावलेल्या लाकडाच्या लगद्यावर ती वारुळात बुरशी वाढवते आणि त्या बुरशीच्या मदतीने लाकूड पचवते. पावसाच्या सुरुवातीला कोकणात आणि गोव्यात रानातून जी चविष्ट अळंबी गोळा करतात, त्यांपैकी काही याच बुरशीची छत्री असते. रानात वाळवी वाळलेली पाने आणि मेलेली झाडे कुजवून जमीन सुपीक करते. तिथे ती हवीच. आपल्या चौकटीतही तेवढेच लाकूड आहे, एवढाच काय तो तिचा आपल्याशी संबंध.

घरात येते कोठून?

आपल्याकडे घरांना लागणारी वाळवी बहुतांशी जमिनीतली असते. वारूळ कधी अंगणात, कधी शेजारच्या पडक्या जागेत, तर कधी घराच्या जोत्याखालीच असते. तिथून ती फरशी आणि भिंत यांच्यामधील बारीक फटीतून, पाण्याच्या किंवा विजेच्या पाइपाच्या कडेने आत शिरते. उघड्यावर तिचे अंग लगेच सुकते, म्हणून ती माती आणि लाळ यांची पेन्सिलीएवढी जाड नळी बांधत पुढे सरकते. भिंतीवर कोणी मातीची वाकडीतिकडी रेघ ओढल्यासारखी दिसते, ती हीच.

वरच्या मजल्यावर राहणारे निर्धास्त असतात, पण ते बरोबर नाही. नळांच्या डक्टमधून ती चौथ्या-पाचव्या मजल्यापर्यंतही पोहोचते. एखाद्या भिंतीत सतत पाणी झिरपत असेल तर काही जातींची वाळवी जमिनीशी संबंध न ठेवता तिथेच बिऱ्हाड थाटते.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे घोंघावू लागतात आणि सकाळी खिडकीखाली पंखांचा सडा पडलेला दिसतो. हे वाळवीचे नर आणि माद्या. नवी वसाहत वसवण्यासाठी ते बाहेर पडतात. त्यांतले बहुतेक पाली, पक्षी आणि बेडकांच्या पोटात जातात. किडे मुंग्यांचे की वाळवीचे, हे पंखांवरून ओळखावे. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात आणि कंबर जाड असते. मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि कंबर दोऱ्यासारखी बारीक असते. बाहेरून दिव्याकडे आलेल्या किड्यांची फारशी काळजी नको. मात्र भिंतीच्या फटीतून किंवा चौकटीच्या भोकातून ते बाहेर पडताना दिसले, तर वसाहत घरातच किंवा अगदी जवळ आहे असे समजावे.

अर्ध्या तासाची तपासणी

वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या साफसफाईत, टॉर्च आणि पेचकस घेऊन घरभर एक फेरी मारावी. पेचकसाच्या मुठीने लाकडावर हलकेच ठोकावे. भरीव लाकडाचा आवाज घट्ट येतो, पोखरलेल्याचा पोकळ. शंका आल्यास टोक दाबून पाहावे. वरचा रंग शाबूत आणि आत काहीच नाही, ही वाळवीची खास खूण. ती वरचा पापुद्रा कधी फोडत नाही.

पुढील जागा न चुकता पाहाव्यात. दारांच्या चौकटींचे पाय, विशेषतः न्हाणीघराच्या. न्हाणीघराच्या भिंतीला टेकलेल्या कपाटाची पाठ. स्वयंपाकघरातील सिंकखालचे कपाट. विजेच्या बोर्डाच्या कडा. दिवाणाची आणि सोफ्याची खालची बाजू. लाकडी देव्हाऱ्याचा मागचा भाग, कारण तिथे पाणी सांडते आणि देवांना हलवायचे म्हणून कोणी मागे पाहत नाही. भिंतीवर वर्षानुवर्षे टांगलेल्या तसबिरी. माळ्यावरचे पुठ्ठ्याचे खोके आणि रद्दीचा गठ्ठा. रंगाला आलेले फुगे, दार अचानक घट्ट बसू लागणे आणि फरशीच्या कडेला साचणारी बारीक माती या खुणाही दुर्लक्षू नयेत.

मातीची नळी सापडल्यास तिचा बोटभर तुकडा मधूनच खरवडून दोन दिवस थांबावे. नळी पुन्हा जोडली गेली, तर वाळवीची ये-जा चालू आहे हे नक्की. जोडली गेली नाही, तर मात्र संकट टळले असे मानू नये. तिने दुसरी वाट धरलेली असू शकते.

लाकडातून येणारा प्रत्येक भुगा वाळवीचा नसतो. टाल्कम पावडरीसारखे मऊ पीठ आणि टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके दिसली, तर तो लाकूड पोखरणारा भुंगेरा आहे. बांबूच्या सामानाला आणि कच्च्या लाकडाच्या फर्निचरला तो जास्त लागतो. खसखशीसारखे टणक, सारख्या आकाराचे दाणे पडत असतील, तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. समुद्रकाठच्या दमट गावांत ती आढळते. तिला जमिनीची गरज नसते. एखाद्या खुर्चीत किंवा तुळईतच तिचे सारे कुटुंब राहते, म्हणून इलाजही त्या वस्तूपुरता करावा लागतो.

घाईत होणाऱ्या चुका

वाळवी दिसताच पहिला हात झाडूकडे जातो आणि दुसरा झुरळांच्या स्प्रेकडे. दोन्ही टाळावे. जे किडे दिसतात ते वसाहतीचा अगदी छोटा भाग असतात. ते मेल्याने राणीचे काही बिघडत नाही. उग्र वासाच्या स्प्रेमुळे उरलेली वाळवी ती वाट सोडून दुसरीकडून शिरते. पेस्ट कंट्रोलवाला येतो तेव्हा त्याला काही सापडत नाही आणि सहा महिन्यांनी शेजारच्या खोलीतील चौकट ढासळते. म्हणून तपासणी होईपर्यंत नळ्या पुसू नयेत. त्या कोठून कोठे जातात हे पाहून ठेवावे, फोटो काढावेत.

घरगुती उपायांबद्दलही वास्तव जाणून घ्यावे. कडक उन्हात सामान ठेवल्याने त्या वस्तूतली वाळवी मरते किंवा पळते. छोट्या वस्तूंसाठी हा उपाय खरोखर चांगला. कडुनिंबाचे तेल, कापूर, हिंग, मीठ यांनी काही काळ ती दूर राहील, पण जोत्याखालची वसाहत तशीच राहते. रॉकेल अंगावर पडलेली वाळवी मारते, तथापि त्याचा वास उडाला की ती परतते, आणि विजेच्या बोर्डाजवळ किंवा देव्हाऱ्यापाशी रॉकेल ओतणे म्हणजे आगीला निमंत्रण. कोकणात वाशांना काजूच्या टरफलांचे काळे तेल लावण्याची जुनी रीत आहे. नव्या लाकडाच्या संरक्षणासाठी ती उपयोगी, पण आत शिरलेल्या वाळवीचा तो इलाज नव्हे.

माळ्यावर किंवा गोठ्यात औषधाचे जुने डबे असतील, तर त्यांना हात लावू नये. एके काळी वाळवीसाठी सर्रास वापरले जाणारे ऑल्ड्रिन, क्लोर्डेन आणि हेप्टाक्लोर यांवर भारतात १९९६ मध्ये बंदी आली. घराघरांत असलेली गॅमेक्सीन पावडर, म्हणजे बीएचसी, १९९७ मध्ये बंद झाली. ही विषे जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात आणि शरीरातील चरबीत साठतात. 'पूर्वीचे औषध जालीम होते' असे जुने लोक म्हणतात ते खरे आहे, पण ते केवळ वाळवीलाच जालीम नव्हते.

खरा उपचार कसा होतो?

वाळवीविरुद्ध बांधकामांत काय करावे याचे भारतीय मानक आहे, आयएस ६३१३. त्याचा तिसरा भाग उभ्या इमारतींसाठी आहे. जमीन आणि घर यांच्यामध्ये औषधाची अखंड भिंत उभी करायची, हे त्याचे तत्त्व. त्यासाठी भिंत आणि फरशी मिळतात त्या रेषेवर साधारण दर ३० सेंटिमीटरला १२ मिलिमीटर व्यासाची भोके पाडतात. प्रत्येक भोकात पाण्यात कालवलेले औषध दाबाने सोडतात, जास्तीत जास्त एक लिटरपर्यंत. मग भोके बुजवतात. चौकट आणि भिंत यांच्या सांध्यात सुमारे ६ मिलिमीटरची तिरकी भोके पाडून तिथेही औषध भरतात. घराबाहेर पायालगत चर किंवा भोके घेऊन माती भिजवतात. मजुराने पंप घेऊन दहा मिनिटांत कोपऱ्याकोपऱ्यांत फवारा मारला आणि पावती फाडली, तर तो वाळवीचा उपचार झालाच नाही.

औषधांमध्येही फरक आहे. क्लोरपायरिफॉस अनेक वर्षे सर्वांत जास्त वापरले गेले. वाढत्या मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, या चिंतेमुळे युरोपीय संघाने २०२० मध्ये त्याची मंजुरी थांबवली. २०२५ मध्ये घातक रसायनांविषयीच्या स्टॉकहोम कराराच्या बैठकीत, काही वापरांना सूट ठेवून, ते बंद करण्याच्या यादीत घालण्याचे ठरले. इमिडाक्लोप्रिड आणि फिप्रोनिल ही औषधे वेगळ्या रीतीने चालतात. त्यांचा वास वाळवीला कळत नाही. ती त्यातून बेधडक जाते, लगेच मरत नाही आणि अंगाला लागलेले औषध इतरांपर्यंत पोहोचवते. म्हणून परिणाम दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. दुसऱ्या दिवशी चार किडे दिसले म्हणून पैसे वाया गेले असे समजू नये.

तिसरा मार्ग आमिषाचा. वाळवीच्या वाटेवर औषध मिसळलेला लाकडाचा लगदा डबीत ठेवतात. ते औषध खाल्लेल्या वाळवीला कात टाकता येत नाही आणि हळूहळू वसाहत खालावते. यात घरभर औषध पसरत नाही, पण काही महिने धीर धरावा लागतो आणि डब्या वेळोवेळी तपासाव्या लागतात.

कोरड्या लाकडातल्या वाळवीसाठी वस्तूत भोके पाडून औषध सोडतात. फारच पोखरलेला भाग असेल तर तो कापून काढणेच स्वस्त पडते. काढलेले लाकूड अंगणात रचून ठेवू नये, नाहीतर तेच तिचे नवे घर होते.

कंत्राट देण्यापूर्वी

कीडनियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्याला कीटकनाशक कायदा १९६८ आणि त्याखालील नियमांनुसार परवाना लागतो. तो मागून पाहावा, संकोच करू नये. पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात : कोणते औषध, कोणत्या प्रमाणात, किती भोके, घरातील कोणते भाग, हमी किती वर्षांची आणि हमीच्या काळात वाळवी पुन्हा दिसली तर किती दिवसांत येणार. औषधाचा डबा आपल्यासमोर उघडायला सांगावे आणि त्यावरची मुदत वाचावी. दोन-तीन ठिकाणी दर विचारताना केवळ आकडा पाहू नये. जो आधी घर पाहून, ओल कोठे आहे ते विचारून मग दर सांगतो, त्याला काम कळते.

भोके पाडण्याआधी नळाच्या आणि विजेच्या लपलेल्या वाहिन्या कोठून गेल्या आहेत ते सांगावे. त्या भागाचा मेन स्विच बंद करावा. भांडी, धान्य, पाणी झाकावे किंवा दुसऱ्या खोलीत न्यावे. लहान मुले, गरोदर स्त्रिया, दम्याचे रुग्ण आणि पाळीव प्राणी यांना त्या दिवशी नातेवाइकांकडे पाठवावे. माशांची काचपेटी हलवावी, कारण यांतील बरीच औषधे माशांना फार घातक असतात. घराला लागून विहीर किंवा बोअर असेल, तर ते काम सुरू होण्यापूर्वीच सांगावे. भोके बुजवल्यावर खिडक्या उघडून घर चांगले हवेशीर करावे आणि फरशी पुसल्यावरच रांगत्या मुलाला खाली सोडावे.

इमारतीतील एकाच घराने उपचार केला तर वाळवी शेजारच्याकडे जाते आणि सवडीने परत येते. तळमजल्याच्या घरात वाळवी असल्यास सोसायटीच्या बैठकीत विषय काढावा आणि संपूर्ण पायालगत उपचार करून घ्यावा. खर्च वाटून घेतला की कोणालाच जड जात नाही.

ओल थांबली की निम्मे काम झाले

औषधाचा परिणाम कधी तरी ओसरतो. ओल मात्र बंद केली तर ती बंदच राहते. गळका नळ, न्हाणीघरातील फरशीच्या फुटलेल्या सांध्या, एसीचे भिंतीवर ठिबकणारे पाणी, गच्चीतली गळती आधी दुरुस्त करावी. कुंड्या आणि बागेची माती भिंतीला टेकू देऊ नये. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवावे, म्हणजे मागे हवा खेळते आणि टॉर्चही जातो. अंगणात तोडलेल्या झाडाचे बुंधे आणि लाकडाचे ढीग ठेवू नयेत.

नवे घर बांधणाऱ्यांना सर्वांत स्वस्त संधी असते. पाया आणि जोते भरतानाच मातीवर औषधाचा उपचार करून घ्यावा. शटरिंगच्या फळ्यांचे तुकडे भरावात पुरले जाणार नाहीत याकडे स्वतः लक्ष द्यावे. जमिनीखाली वाळवीला जेवण वाढून वर घर बांधण्यासारखेच ते आहे. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण त्याच सागाच्या फिकट रंगाच्या कडेच्या लाकडाला लागते. म्हणून सुताराने आणलेला साग कापण्याआधी पाहावा. प्लायवूड पाण्याने खराब होत नाही म्हणजे त्याला वाळवी लागत नाही, असे नाही. आयएस ७१० मानकाच्या प्लायला संरक्षक औषध दिलेले असते. स्वयंपाकघरासाठी ते घ्यावे.

बंद घरांची गोष्ट निराळी. मुंबई, बडोदा, इंदूर, बंगळूर येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या कुटुंबांचे गावाकडचे घर वर्षभर कुलपात असते आणि गणपतीला किंवा मे महिन्यात उघडले जाते. तोवर तुळयांचे काय झाले ते कळत नाही. शेजारच्या विश्वासू माणसाकडे किल्ली ठेवून महिन्यातून एकदा दारे-खिडक्या उघडायला सांगावे. जाताना गाद्या, पुस्तके, कपडे जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नयेत.

कागद आणि नोटा वाचवताना

महत्त्वाची कागदपत्रे पुठ्ठ्याच्या खोक्यात नव्हे, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावीत आणि वर्षातून एकदा काढून पाहावीत. जुन्या घरांतून पावसाळा सरल्यावर पोथ्यांना ऊन दाखवण्याची पद्धत होती. ती आजही उत्तम आहे. वाळवी लागलेले पुस्तक ओढून उघडू नये. ते सावलीत सुकू द्यावे, मऊ ब्रशने माती झाडावी, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवावे. उरलेली कीड मरते.

खरेदीखत गेले तरी घर जात नाही. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात त्याची नोंद असते आणि प्रमाणित प्रत मिळते. गुणपत्रिकेची दुसरी प्रत शिक्षण मंडळ देते. २०१५ पासून सुरू असलेल्या डिजिलॉकरमध्येही अनेक कागदपत्रे मिळतात. आजच एका रविवारी घरातील सर्व कागदांचे फोटो काढून ठेवले, तर पुढची धावपळ वाचेल.

कुरतडलेल्या नोटा फेकू नयेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ५० रुपये आणि त्यावरील नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून अधिक असल्यास पूर्ण किंमत मिळते, ४० ते ८० टक्के असल्यास निम्मी, त्याहून कमी असल्यास काही नाही. २० रुपयांपर्यंतच्या नोटेचा निम्म्याहून मोठा तुकडा असल्यास पूर्ण किंमत मिळते. लॉकरमध्ये रोख रक्कम ठेवण्यास आता करारानेच मनाई आहे. लेकीच्या लग्नाचे पैसे खात्यात किंवा मुदत ठेवीत असलेलेच बरे. तिथे वाळवी पोहोचत नाही आणि व्याजही मिळते.

हे लक्षात ठेवा

• मातीची नळी दिसली तर पुसू नका, आधी तिची वाट शोधा.
• स्प्रे आणि रॉकेलवर वेळ घालवू नका, परवानाधारकाला बोलवा.
• औषधाचे नाव, प्रमाण आणि हमी लेखी घ्या.
• गळती आधी थांबवा, औषध नंतर.
• वर्षातून दोनदा टॉर्च आणि पेचकस घेऊन घरभर फिरा, आणि कपाटामागे पाहायला विसरू नका.